चिखलात तारतो, रस्त्यावर मारतो : वेल्ड केलेल्या डिफरन्शियलचे गणित

पावसाळा लागला की पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर रविवारी सकाळी एक वेगळीच वर्दळ दिसू लागते. उंच केलेल्या जीप, जाड खाचांचे टायर, बंपरवर विंच आणि मागे गुंडाळलेला दोरखंड. येथून एक रस्ता खोपोलीमार्गे बोरघाटाकडे जातो, तर दुसरा कर्नाळा खिंडीतून गोव्याकडे. मुंबई-नवी मुंबईतल्या ऑफ-रोडिंगच्या हौशी मंडळींना चिखल गाठायचा असेल तर बहुतेकांची वाट पनवेलवरूनच जाते.

या मंडळींमध्ये आणि त्यांच्या गाड्या सांभाळणाऱ्या गॅरेजमध्ये दर पावसाळ्यात एक प्रश्न हमखास निघतो : ‘मागचा डिफरन्शियल वेल्ड करून टाकू का?’ खर्च अगदी कमी, काम एका दिवसाचे आणि चिखलात फरक डोळ्यांना दिसेल इतका. त्यामुळे मोह पडतो. पण हाच वेल्ड केलेला डिफरन्शियल संध्याकाळी ओल्या घाटातून घरी परतताना कसा वागतो, जोड देणाऱ्या मिस्त्रीच्या डोळ्यांचे आणि फुफ्फुसांचे काय होते आणि पुढे ती जीप विकत घेणाऱ्याला यातले काय कळते, हे प्रश्न त्या मोहात मागे पडतात. म्हणून या उद्योगाचे फायदे-तोटे विज्ञानाच्या अंगाने तपासू.

हा भाग करतो तरी काय?

बैलगाडीला डिफरन्शियल लागत नाही. तिची दोन्ही चाके आसाभोवती सुटी फिरतात. वळताना बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी, आणि कोणी कोणाला अडवत नाही. मोटारीत मात्र चाकांना इंजिनाची ताकद पोहोचवायची असते. दोन्ही चाके एकाच अखंड दांड्यावर पक्की बसवली तर ताकद पोहोचते, पण वळण आले की अडचण होते.

ती अडचण किती मोठी? समजा, जीपच्या डाव्या आणि उजव्या चाकांतले अंतर दीड मीटर आहे. गाडी काटकोनात वळली की बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा सुमारे २.३६ मीटर जास्त चालावे लागते. गंमत म्हणजे वळण लहान असो वा मोठे, हा फरक बदलत नाही. तो फक्त चाकांमधले अंतर आणि गाडी किती अंशांत वळली यावर ठरतो. जीपच्या साधारण ७५ ते ७७ सेंटिमीटर व्यासाच्या टायरचा परीघही जवळपास एवढाच भरतो. म्हणजे प्रत्येक काटकोनी वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जवळपास एक पूर्ण फेरी जास्त फिरले पाहिजे.

ही जास्तीची फेरी बाहेरच्या चाकाला देण्याचे काम डिफरन्शियल करतो. फ्रान्समधील ओनेसिफोर पेक्वर या घड्याळजीने १८२७-२८च्या सुमारास आधुनिक डिफरन्शियलची रचना वाफेच्या गाडीसाठी मांडली. क्राउन व्हीलला जोडलेल्या पिंजऱ्यात दोन-चार छोटे दातेरी गिअर असतात. गॅरेजच्या भाषेत ते स्टार पिनियन. गाडी सरळ जात असताना ते स्वतःभोवती फिरत नाहीत, सगळा पिंजरा एकसंध फिरतो. वळण आले की ते स्वतःभोवती फिरतात आणि एका चाकाचा वेग जितका कमी होतो तितकाच दुसऱ्याचा वाढवतात.

डिफरन्शियल नसता तर काय झाले असते, त्याचा आवाज लोकलच्या प्रवाशांनी अनेकदा ऐकलेला असतो. रेल्वेची दोन चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात. चाकांची कड किंचित उतरती केलेली असल्याने मोठ्या वळणावर हा फरक भरून निघतो. तीव्र वळणावर मात्र तो पुरता भरत नाही, चाके रुळावर घासत जातात आणि कर्कश किंचाळी उमटते. वेल्ड केलेल्या जीपची मागची चाके डांबरावर हेच करतात.

मग चिखलात घोटाळा कुठे होतो?

साधा, म्हणजे ‘ओपन’ डिफरन्शियल फिरण्याच्या वेगात मोकळीक देतो, पण पिळाचे, म्हणजे टॉर्कचे, वाटप दोन्ही चाकांना जवळपास समसमान करतो. ‘सगळी ताकद घसरणाऱ्या चाकालाच जाते’ असे अनेक जण म्हणतात, ते काटेकोरपणे खरे नाही. ताकद दोघांना सारखीच मिळते. अडचण अशी की किती मिळणार हे दुबळे चाक ठरवते.

समजा, डावे चाक निसरड्या चिखलात आहे आणि जमिनीकडून त्याला २ भाग पिळाइतकीच पकड मिळते. उजवे चाक घट्ट कातळावर आहे आणि ते १५ भाग पेलू शकते. ओपन डिफरन्शियलमध्ये डाव्याला २, म्हणून उजव्यालाही २ मिळतात. एकूण ४ भागांत गाडी हलत नाही. डावे चाक गरगर फिरते, चिखल उडवते आणि उजवे ढिम्म उभे राहते. फोर बाय फोर गाडीचीही यातून सुटका होतेच असे नाही. पुढचे एक आणि मागचे त्याच्या तिरप्या बाजूचे, अशी दोन चाके एकदम अधांतरी झाली की चारही चाकांना इंजिन जोडलेले असूनही गाडी जागेवर अडकते.

आता स्टार पिनियन आणि त्यांच्या शेजारचे साइड गिअर वेल्ड करून एकमेकांना पक्के चिकटवले तर? दोन्ही चाके एकाच दांड्यासारखी फिरतात. चिखलातले चाक २ भाग घेते, कातळावरचे त्याला पेलतील तेवढे, म्हणजे १५. एकूण १७ भाग. गाडी बाहेर येते.

चिखलणी करणाऱ्या रायगडमधील शेतकऱ्याला हे नवीन नाही. ट्रॅक्टरचे एक चाक भातखाचरात रुतले की तो टाचेजवळचे डिफ लॉकचे पेडल दाबतो. दोन्ही चाके एकत्र फिरतात आणि ट्रॅक्टर निघतो. पण बांधावर वळण्याआधी तो पेडलवरून पाय काढतो. लॉक लावून वळू नये, हे ट्रॅक्टर शिकतानाच सांगितले जाते. वेल्ड केलेला डिफरन्शियल म्हणजे ज्यावरून पाय कधीच काढता येत नाही असा डिफ लॉक. पुढचे सगळे फायदे आणि सगळे तोटे याच एका वाक्यातून निघतात.

फायदे खरे आहेत

वेल्डिंगची बाजू घेणारे उगाच बोलत नाहीत. पहिला फायदा पैशांचा. हवेवर किंवा विजेवर चालणारा चांगला लॉकर बसवायचा तर खर्च काही दहा हजारांत, कधी लाखाच्या घरात जातो. वेल्डिंगला रॉड, मजुरी, नवे ऑइल सील आणि तेल एवढाच खर्च. जुन्या जीपला अनेकदा बाजारातला तयार लॉकर बसतच नाही, तेव्हा हा मार्ग जवळचा वाटतो.

दुसरा फायदा साधेपणाचा. हवेची नळी फुटणे, वायर तुटणे, स्विच बिघडणे असे काही नाही. तिसरा फायदा भरवशाचा. लॉकर लागला की नाही याची शंका नसते. कातळावरून इंच-इंच चढताना दोन्ही चाके कायम एकत्र फिरणार हे चालकाला पक्के ठाऊक असते.

म्हणूनच जगभर काही ठिकाणी ही रचना मान्य आहे. गो-कार्टला डिफरन्शियल नसतोच. गाडी मुद्दाम घसरवण्याच्या ड्रिफ्टिंगच्या खेळात मागचा डिफरन्शियल वेल्ड करणे ही जुनी रीत आहे. गोव्यात २०१४ पासून सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांसाठी खास बांधलेल्या गाड्या असतात. त्यांत सांगाड्यापासून अ‍ॅक्सलपर्यंत सगळे स्पर्धेसाठीच मजबूत केलेले असते. जी गाडी ट्रेलरवरून मैदानात येते आणि ट्रेलरवरूनच परत जाते, तिच्यात वेल्ड केलेला डिफरन्शियल हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो.

पनवेल परिसरातल्या हौशी मंडळींची गोष्ट वेगळी आहे. त्यांची गाडी चिखलात फार तर चार तास असते. उरलेला प्रवास डांबरावरचा असतो. अनेकदा सोमवारी तीच गाडी ऑफिसला जाते, तिच्यातूनच मुले शाळेत सोडली जातात.

डांबरावर काय होते?

वेल्ड केलेली जीप घेऊन खांदा कॉलनीतून महामार्गावर यायचे म्हणा. वाटेत सहा काटकोनी वळणे लागली, तर मागची चाके मिळून सुमारे १४ मीटर रबर डांबरावर घासून काढतात. टायर चिरकतात, स्टेअरिंग जड लागते, मागून ठकठक जाणवते. टायरची झीज हा यातला सर्वांत स्वस्त तोटा.

खरा धोका ओल्या रस्त्यावर आहे. टायरची पकड म्हणजे ठरावीक रक्कम असलेला बटवा समजा. वेग वाढवणे, थांबणे आणि वळणे हे तिन्ही खर्च त्याच रकमेतून भागतात. डिफरन्शियल वेल्ड असेल तर वळणावर दोन्ही मागची चाके एकमेकांशी भांडण्यातच बरीच रक्कम उडवून टाकतात, बाजूला न सरकण्यासाठी उरते ती थोडी. कमी वेगात ही चाके गाडीला सरळ ढकलत राहतात. स्टेअरिंग वळवूनही नाक पुरेसे वळत नाही आणि गाडी समोरच्या लेनकडे जाऊ लागते. चालकाने ओल्या वळणावर अ‍ॅक्सिलरेटर थोडा जास्त दाबला की उलटे घडते. ओपन डिफरन्शियलमध्ये आतले एक चाक घसरले तरी बाहेरचे चाक बाजूची पकड धरून असते. वेल्ड केलेल्या गाडीत दोन्ही चाके एकदम सुटतात आणि गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते. हे घडायला क्षणही लागत नाही.

रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाटातल्या वळणावर शेवाळ, सांडलेले डिझेल, वाहून आलेली माती हे सगळे असते. दोन टन वजनाच्या गाडीची शेपटी बाहेर फेकली गेली तर सर्वांत आधी सापडतो तो शेजारून जाणारा दुचाकीस्वार. त्याने या प्रयोगाला होकार दिलेला नसतो.

चिखलातही हा उपाय प्रत्येक वेळी तारतोच असे नाही. डोंगराच्या कुशीतून आडव्या उताराने जाताना ओपन डिफरन्शियलचे एक चाक घसरते आणि दुसरे गाडीला धरून ठेवते. वेल्ड केलेल्या गाडीची दोन्ही चाके एकदम घसरली की मागचा भाग दरीच्या बाजूला सरकू लागतो. अशा जागी अनुभवी चालक लॉक काढतात. वेल्ड केलेल्याला ती सोय नाही.

नव्या गाड्यांत आणखी एक गुंता होतो. एबीएस आणि ईएसपी या यंत्रणा प्रत्येक चाकाचा वेग स्वतंत्र मोजतात आणि गरजेप्रमाणे एकेका चाकाला ब्रेक लावून गाडी सावरतात. मागची दोन चाके लोखंडाने एकत्र बांधली की एका चाकाला लावलेला ब्रेक दुसऱ्यालाही लागतो. ज्या सुरक्षेसाठी आपण पैसे मोजले तिलाच आपण पांगळे करतो.

पोलादाचे म्हणणे

ओपन डिफरन्शियलमध्ये एका बाजूच्या अ‍ॅक्सल शाफ्टवर एकूण पिळाच्या फार तर निम्मा भार येतो. वेल्ड केल्यावर एक चाक अधांतरी आणि दुसरे खडकात अडकलेले असेल तर सगळा भार एकाच शाफ्टवर जातो, म्हणजे दुप्पट. त्यात मोठे टायर आणि लो गिअर यांची भर पडली की शाफ्ट पिळून तुटू शकतो. दर वळणाला बसणारा उलटसुलट पीळ धातूला आतून थकवत असतो. त्यामुळे शाफ्ट रविवारी खडकात न तुटता बुधवारी महामार्गावर तुटू शकतो. अनेक जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलची रचना सेमी-फ्लोटिंग असते. तिच्यात शाफ्ट ताकद पोहोचवतो आणि चाकही धरून ठेवतो. तो बेअरिंगच्या बाहेर तुटला तर चाकच गाडी सोडून जाते. ट्रकच्या फुल-फ्लोटिंग अ‍ॅक्सलमध्ये चाक हबवर स्वतंत्र बसलेले असते, त्यामुळे शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते.

जोडाचे स्वतःचेही शास्त्र आहे. स्टार पिनियन मिश्र पोलादाचे असतात. त्यांच्या वरच्या थरात कार्बन भरून तो कडक केलेला असतो, आतला गाभा चिवट ठेवलेला असतो. अशा पोलादावर थंड अवस्थेत आर्क मारली की जोडाशेजारचा भाग झपाट्याने थंड होऊन काचेसारखा ठिसूळ होतो. दात्यांच्या फटीत मुरलेले तेल जळून जोडात वायूचे बुडबुडे राहतात. त्यातला हायड्रोजन काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, आतल्या आत तडे पाडतो. वरून जोड भरगच्च दिसतो, आतून तडकलेला असतो.

असा तुकडा सुटला तर तो अ‍ॅक्सलच्या पोटातच पडतो. तिथे क्राउन आणि पिनियनचे दाते फिरत असतात. तुकडा त्यांच्यात आला तर दाते तरी तुटतात किंवा धावत्या गाडीचा अ‍ॅक्सल एकदम जाम होतो. वेल्डिंगचे उडालेले कणही तेलात मिसळून बेअरिंग खातात. गाडीवरच, काही न उघडता काम केले आणि अर्थचा चिमटा चुकीच्या जागी लावला तर वेल्डिंगचा विद्युतप्रवाह बेअरिंगमधून जातो आणि त्यांच्या गोळ्यांवर डाग पाडतो. म्हणून जाणकार मिस्त्री पिंजरा पूर्ण बाहेर काढतो, बेअरिंग उतरवतो, भाग निखळ धुऊन सुकवतो, आधी तापवतो, कोरड्या लो-हायड्रोजन रॉडने जोड देतो आणि नंतर तो हळूहळू थंड होऊ देतो. ‘तासाभरात करून देतो’ असे सांगितले जात असेल तर यातले बरेच काही गाळलेले असते, असे समजावे.

मिस्त्रीचे डोळे आणि फुफ्फुसे

या चर्चेत ज्याचे नाव कोणी घेत नाही तो म्हणजे वेल्डर. आर्कमधून तीव्र अतिनील किरण निघतात. संरक्षक काचेशिवाय त्याकडे पाहिले तर डोळ्याच्या बुबुळावरचा पातळ थर भाजतो. त्या क्षणी काही कळत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचू लागते, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. बहुतेक वेळा हे एक-दोन दिवसांत बरे होते. मात्र डोळे चोळू नयेत. बटाट्याचा काप, दूध असले घरगुती प्रयोग डोळ्यात करू नयेत, त्याने जंतुसंसर्ग होऊ शकतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डोळा बधिर करणारे थेंब दुकानातून आणून पुन्हा पुन्हा घालू नयेत. वेदना थांबते, पण जखम भरणे लांबते आणि बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. दुखणे वाढले, नजर धूसर झाली किंवा एक-दोन दिवसांत आराम पडला नाही तर नेत्रतज्ज्ञाकडे जावे. शेजारी उभे राहून बघणारे गाडीमालक आणि गॅरेजबाहेर खेळणारी मुले यांनाही हाच धोका असतो. साध्या काळ्या गॉगलने भागत नाही.

धुराचे प्रकरण अधिक गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराचे वर्गीकरण माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केले. डिफरन्शियलच्या बाबतीत त्यात जुन्या गिअर ऑइलच्या जळक्या धुराची भर पडते. बंद शेडमध्ये पंख्याखाली बसून हे काम करणे म्हणजे तो धूर सगळ्यांत वाटणे होय.

सर्वांत मोठा धोका मात्र दिसतही नाही. तेलकट भाग झटपट स्वच्छ करण्यासाठी काही ब्रेक क्लीनर आणि ग्रीस काढणारी द्रावणे वापरली जातात. त्यांपैकी काहींमध्ये ट्रायक्लोरोइथिलीन किंवा परक्लोरोइथिलीनसारखी क्लोरीनयुक्त रसायने असतात. त्यांच्या वाफेवर आर्कचे अतिनील किरण आणि उष्णता पडली की फॉस्जिन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरला गेला तोच हा वायू. वास ओलसर, कुबट गवतासारखा. सुरुवातीला थोडा खोकला, घशात खवखव एवढेच जाणवते. मग बरेही वाटते. आणि काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनीही, फुफ्फुसांत पाणी भरू लागते. त्यामुळे अशा द्रावणानंतर वेल्डिंग करताना वाफ नाकात गेली असेल, तर ‘आता बरे वाटतेय’ म्हणून घरी न जाता तातडीने रुग्णालयात जावे आणि कोणते द्रावण वापरले ते डॉक्टरांना सांगावे. डब्यावर क्लोरीनयुक्त घटक लिहिलेला असेल तर तो डबा वेल्डिंगच्या जागी आणूच नये. गरम पाणी आणि साबणाच्या द्रावणाने धुऊन भाग पूर्ण सुकवणे हा साधा, सुरक्षित मार्ग आहे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हेच अधोरेखित केले. त्याच वर्षी कायद्यात कलम १८२-अ आले. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. डिफरन्शियल बाहेरून दिसत नाही, त्यामुळे रस्त्यावर कोणी विचारत नाही, हे खरे. पण गंभीर अपघातानंतर वाहनाची तपासणी होते आणि न कळवलेल्या बदलावरून विम्याचा दावा अडू शकतो. दंडापेक्षा ही बाब कितीतरी महाग पडू शकते.

पाय काढता येणारे मार्ग

चिखलातून निघण्यासाठी कायमचा जोड हा एकमेव मार्ग नाही. महिंद्राने २०१५ मध्ये थारच्या मागच्या अ‍ॅक्सलला ईटन कंपनीचा यांत्रिक लॉकिंग डिफरन्शियल दिला. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे शंभर फेऱ्यांचा फरक पडला की तो आपोआप लॉक होतो आणि नेहमीच्या रस्त्यावरच्या वेगात लॉक होत नाही. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखामध्ये पुढे आणि मागे, दोन्हीकडे चालकाला हवे तेव्हा लावता-काढता येणारे डिफ लॉक आहेत. २०२० मध्ये आलेल्या नव्या थारमध्ये घसरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणाही आहे. मघाच्या हिशोबात चिखलातल्या चाकाचे २ भाग ब्रेकच्या ओझ्याने ८ झाले, तर कातळावरच्या चाकालाही ८ मिळतात. ओपन डिफरन्शियलचा समसमान वाटपाचा नियम इथे शहाणपणाने कामाला लावला आहे.

जुन्या जीपला हवेवर चालणारा लॉकर बसत असेल तर तो महाग पण योग्य उपाय आहे. तोही परवडत नसेल तर आधी फुकटचे उपाय करून पाहावेत. टायरमधली हवा कमी केली की त्याचा जमिनीवर टेकणारा भाग वाढतो. अनेक अवघड चढ एवढ्यानेच सुटतात. मात्र डांबरावर येण्याआधी हवा पुन्हा भरायलाच हवी. चांगले टायर, फावडे, चाकाखाली घालायच्या पट्ट्या, विंच आणि सोबत दुसरी गाडी एवढे असेल तर वेल्डिंगची गरज बहुतेकांना पडत नाही.

ज्यांच्या जुन्या जीपला पुढे फ्री-व्हील हब आहेत, त्यांच्यापैकी काही जण मागचा सोडून पुढचा डिफरन्शियल वेल्ड करतात. हब मोकळे ठेवले की रस्त्यावर त्याचा परिणाम जाणवत नाही, हा तर्क बरोबर आहे. पण हब लावून चिखलात शिरल्यावर स्टेअरिंग अतिशय जड होते आणि वळवलेल्या चाकांच्या जॉइंटवर इतका भार येतो की ते तुटण्याची शक्यता वाढते. धोका कमी होतो, संपत नाही. आणि हब मोकळे करायला विसरून रस्त्यावर आलो तर तो मागच्याइतकाच मोठा.

जुनी जीप घेताना

आज वेल्ड केलेली जीप उद्या विकली जाते. घेणाऱ्याला बहुधा काही सांगितले जात नाही. म्हणून सौदा करण्याआधी मोकळ्या मैदानात कोरड्या डांबरावर अगदी हळू, स्टेअरिंग पूर्ण वळवून एक चक्कर मारावी. मागचे टायर चिरकले, गाडी झटके देऊ लागली किंवा स्टेअरिंग आपोआप जोरात सरळ व्हायला पाहू लागले तर शंका घ्यावी. मग गॅरेजमध्ये सपाट जमिनीवर पुढच्या चाकांना ठोकळे लावून, मागचा अ‍ॅक्सल मजबूत स्टँडवर ठेवून, गाडी टू-व्हील ड्राइव्हवर आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून एक मागचे चाक हाताने फिरवून पाहावे. ओपन डिफरन्शियल असेल तर दुसरे चाक बहुधा उलट दिशेने फिरते. तेही त्याच दिशेने, एकाच दांड्यासारखे फिरले तर आत लॉक आहे. तो काढता येणारा लॉकर आहे की वेल्ड, हे मागचे झाकण उघडल्यावर स्पष्ट होते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीही जाऊ नये.

डिफरन्शियल आधीच वेल्ड केलेला असेल तर तो तोडून दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये. पूर्ण पिंजरा किंवा आतले गिअर बदलणेच योग्य. जुन्या जीपचे सुटे भाग आजही मिळतात आणि तो खर्च अपघाताच्या मानाने किरकोळ असतो.

तेव्हा वेल्डिंगचा निर्णय घेण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारावा : ही गाडी मैदानातून घरी कशी येणार आहे? ट्रेलरवरून येणार असेल तर फायदे-तोट्यांचा हिशोब मालकाने खुशाल मांडावा. स्वतःच्या चाकांवर, इतरांच्या शेजारून, पावसाळी घाटातून येणार असेल तर स्टार पिनियन मोकळे राहिलेलेच बरे.